हयातीचा दाखला

दर वर्षी नोव्हेंबर महिना आला की मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढायचे. अर्जात कारण 'घरगुती काम' असं लिहायचे, पण काम एकच असायचं. बडे अब्बांना बँकेत घेऊन जायचं आणि ते जिवंत आहेत असा दाखला देऊन यायचं. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. बडे अब्बा त्या दिवशी सकाळी दाढी नीट करायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, टोपी चढवायचे आणि मनगटावर जुनं एचएमटी बांधायचे. स्कूटीवर माझ्या मागे बसताना म्हणायचे, "चल बेटी, सरकारकू बोल के आते, फौजी अभी जिंदा है."

मार्च २०२२ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. शबे बरातला आठेक दिवस राहिले होते. वय त्र्याहत्तर. त्यानंतर दोन-तीनदा त्यांच्याविषयी लिहायला बसले आणि उठले. कारण त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि लिहिताना तीच चूक पुन्हा होईल अशी भीती वाटत होती. ती कोणती, ते पुढे येईलच.

बडे अब्बा म्हणजे माझ्या अब्बांचे थोरले भाऊ. आमचे दादा मिरज स्टेशनवर टांगा हाकायचे. घरात खाणारी तोंडं नऊ आणि मिळवणारा घोडा एक, असं बडे अब्बा सांगायचे. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले, मग एका गॅरेजमध्ये हाताखाली राहिले. १९६७ साली कोल्हापूरला सैन्यभरती होती. गॅरेजमधल्या दोन मित्रांबरोबर तेही गेले. मित्र परत आले, हे राहिले. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर म्हणून घेतलं आणि बंगळूरच्या सेंटरला पाठवलं. दादांना वाईट वाटलं, पण दादी म्हणाल्या म्हणे, "टांगेवालेका बेटा गाडीच चलाएगा ना!"

सतरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून १९८४ साली ते घरी आले. त्या वेळी माझा जन्मही झालेला नव्हता. म्हणून मला वर्दीतले बडे अब्बा कधी दिसलेच नाहीत. मला आठवतात ते हळदीने पिवळे झालेले बडे अब्बा. ग्रॅच्युइटीचे पैसे, विकलेली अर्धी पेन्शन आणि बडी अम्मीच्या चार बांगड्या एवढ्या भांडवलावर त्यांनी जुनी टाटा १२१० घेतली. व्याजाचं कर्ज नको म्हणून जुनी घेतली. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद आणि गूळ, तासगावकडून बेदाणा भरायचा, मुंबईला उतरवायचा, येताना मिळेल तो माल आणायचा. पहिली सहा वर्षं स्वतःच गाडी चालवली. पुढे एकाच्या दोन, दोनाच्या चार गाड्या झाल्या, तेव्हा यार्डाच्या रस्त्यावर पत्र्याचं ऑफिस टाकलं. लोक त्यांना हुंडेकरी म्हणायला लागले, पण जुनी हाक सुटली नाही. सगळ्या यार्डात ते 'फौजीभाई'च होते.

फौज त्यांच्या कामात होती, बोलण्यात नव्हती. प्रत्येक गाडीत एक वही असायची, तिला ते 'कार डायरी' म्हणत. गाडी किती वाजता निघाली, कुठे थांबली, डिझेल किती टाकलं, सगळं ड्रायव्हरने त्यात लिहायचं. गाडी सुटण्याआधी स्वतः हातोडी घेऊन प्रत्येक टायरवर एक टोला मारायचे आणि आवाजावरून हवा ओळखायचे. ताडपत्रीची दोरी स्वतः ओढून बघायचे. रात्री दोन ते चार गाडी उभी राहिलीच पाहिजे, ड्रायव्हरने झोपलंच पाहिजे, हा त्यांचा कायदा. एकदा एका व्यापाऱ्याने माल लवकर पोचवायला जादा भाडं देऊ केलं, तर म्हणाले, "सेठ, दो घंटे का पैसा तुम देंगे, ड्रायव्हर के बच्चों का कौन देगा?"

मी मराठीत लिहिते याचं पुष्कळांना नवल वाटतं. उर्दू माध्यमात शिकलेली, उर्दू शाळेत शिकवणारी बाई मराठीत कशी लिहिते? तर मी मराठी शिकले बडे अब्बांच्या बिल्टीबुकावर. आठवी-नववीत असताना संध्याकाळी ऑफिसात बसून मी बिल्ट्या लिहायचे. माल पाठवणार, माल घेणार, नग, वजन, भाडे, पेड की टू पे. कार्बन पेपर घालून तीन प्रती काढायच्या. बडे अब्बांची स्वतःची हिशेबाची वही तर बघण्यासारखी होती. माणसांची नावं उर्दूत, मालाची नावं मराठीत, आकडे इंग्रजीत. 'हळद'चा ळ मी हमखास चुकवायचे. ते म्हणायचे, "नीट लिख. व्यापारी बोलेगा, फौजी की लडकीकू हळद लिखने नै आती." मी त्यांची नव्हे, भावाची मुलगी. पण बिल्टीपुरती मी त्यांची होते. माझ्या बी.एड.ची फीसुद्धा त्याच ऑफिसच्या गल्ल्यातून गेली.

आता त्या फोटोविषयी.

ऑफिसात टेबलामागे त्यांचा एक फोटो होता. काळा-पांढरा, वर्दीतला, तिरक्या टोपीतला. छातीवर तीन पदकं. पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं मेडल. १९७१ च्या लढाईत जे पूर्वेकडच्या आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार मिळाला. फोटो आत होता, रस्त्यावरून दिसत नव्हता. खरी पदकं घरी काळ्या ट्रंकेत, बिस्किटाच्या डब्यात, फ्यूज आणि व्हॉल्व्हच्या टोप्यांबरोबर पडलेली असायची.

२००९ साली गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली. एका कमानीवरच्या चित्रावरून वाद पेटला आणि शहरात संचारबंदी लागली. त्या दिवसांविषयी बाहेर पुष्कळ बोललं, लिहिलं गेलं. मी फक्त आमच्या घरातलं सांगते. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. आमच्या दोन गाड्या ऑफिसशेजारच्या मोकळ्या जागेत उभ्या होत्या, भरलेल्या. घरात अब्बा, भाईजान (बडे अब्बांचा मुलगा) आणि आम्ही सगळे खिडक्या लावून बसलेलो. तिसऱ्या दिवशी दोन तासांची ढील मिळाली. दूध, भाजी आणायला माणसं बाहेर पडली. मला एक युक्ती सुचली. मी आणि भाईजान ऑफिसात गेलो, आतला फोटो काढला आणि बाहेर शटरच्या कडीला तारेने बांधला. घरून पदकांचा डबाही नेला होता. पदकं फोटोच्या फ्रेमला अडकवली. खाली पुठ्ठ्यावर मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माजी सैनिक, १९७१ युद्ध'. त्या दिवशी ळ नव्हता, त्यामुळे काही चुकलं नाही.

पुठ्ठा लावून होतो न होतो तोच बडे अब्बा आले. गाड्यांची ताडपत्री बघायला आले होते. थोडा वेळ फोटोकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ये किने लगाया?"

मी म्हटलं, "मैं. लोगां देखेंगे तो हाथ नै लगाएंगे."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. आमच्या ऑफिसला लागून एका सायकल दुरुस्तीवाल्याची टपरी होती. गरीब माणूस, पंप आणि पाण्याची परात एवढंच त्याचं दुकान. त्या टपरीकडे बोट करून ते म्हणाले, "मेरा फोटो देख के मेरेकू छोडेंगे. फिर उसकू? उसके पास फोटो नै, इस वास्ते उसकू मारना क्या?"

आम्ही दोघं गप्प. त्यांनी स्वतः तार सोडली. पदकं खिशात टाकली. पुठ्ठा माझ्या हातात दिला, फाडला नाही. म्हणाले, "इस गाँव में रहने के वास्ते मैं फौज में नै गया था. गाँव तो मेरा पैलेसेच था."

त्या रात्री हमालांचे मुकादम, मराठा गृहस्थ, पोलिसांची परवानगी काढून गाड्यांपाशी येऊन बसले. बडे अब्बाही बसले. दोघांनी दोन रात्री काढल्या. आमच्या गाड्यांना आणि टपरीला काही झालं नाही. शहरात मात्र नुकसान झालंच. भाईजानचं आजही म्हणणं आहे की फोटो राहू द्यायला हवा होता. नशिबाने वाचलो, दर वेळी नशीब साथ देत नाही. त्याच्या दोन मुलांचा बाप म्हणून तो बोलतो, त्याला मी चूक म्हणू शकत नाही. पण टपरीवाल्याविषयीच्या त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही. फोटो त्यानंतर ऑफिसात परत लागला नाही. घरी ट्रंकेत गेला.

२०११ साली मी बी.एड. झाले, शाळेला लागले. शिक्षिका झाल्यावर माणूस पुष्कळ गोष्टी विसरतो, त्यात ही पण विसरले असं म्हणायला हरकत नाही. आमच्या शाळेत प्रजासत्ताक दिनाला भाषणं होतात. मुलं अब्दुल हमीदवर बोलतात. १९६५ च्या लढाईत खेमकरणच्या भागात जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे उडवणारे चार ग्रेनेडिअर्सचे हवालदार अब्दुल हमीद, १० सप्टेंबरला शहीद झाले, परमवीर चक्र मिळालं. दर वर्षी कोणी ना कोणी हेच भाषण पाठ करतं आणि दर वर्षी मीच ते लिहून देते. भाषणाच्या शेवटी 'आम्हीही या देशासाठी रक्त सांडलं आहे' असं एक वाक्य असायचंच. ते वाक्य कुणाला उद्देशून आहे, ऐकणारी तर सगळी आपलीच लेकरं, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

२०१४ च्या २६ जानेवारीला मी बडे अब्बांना पाहुणे म्हणून बोलावलं. पदकं लावून या, असं दहा वेळा सांगितलं. ते पांढऱ्या शर्टात आले. छातीवर काही नाही, खिशाला पेन. मुलं ओळीने बसलेली. सातवीतल्या एका मुलाने हात वर करून विचारलं, "दादाजी, आपने कितने दुश्मन मारे?"

"एक भी नै," बडे अब्बा म्हणाले. "मैं ड्रायव्हर था."

मुलांचे चेहरे पडले. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग बडे अब्बा उठून फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि ट्रकची मागची बाजू काढली. सांगायला लागले, लढाईत रात्री गाड्यांचा तांडा निघतो तेव्हा दिवे लावायचे नसतात, वरून विमान बघेल. मग मागच्या गाडीला पुढची गाडी दिसणार कशी? तर ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो त्याला पांढरा रंग द्यायचा आणि त्याच्यावर एक बारीक दिवा सोडायचा. तो पांढरा ठिपका फक्त मागच्या ड्रायव्हरला दिसतो. शंभर गाड्या असल्या तरी प्रत्येक ड्रायव्हर आपल्या पुढचा एक ठिपका बघत चालतो. "पहिलेवालेकू रस्ता मालूम होना, और बाकी सबने नजर नै हटाना. बस. इसमें गोला जाता, इसमेंच आटा जाता, दवा जाती. पीछेवाला सो गया तो उसके पीछे के सब गए." मुलं ऐकत राहिली. नंतर कितीतरी दिवस मुलं ट्रकच्या मागे वाकून तो गोळा शोधत होती. त्या वर्षापासून भाषणातलं ते शेवटचं वाक्य मी लिहून देणं बंद केलं. अब्दुल हमीदवरचं भाषण आजही होतं, व्हायलाच हवं. फक्त ते आता कुणाला काही पटवून देण्यासाठी नसतं.

साखर त्यांना गाड्या चालवत होते तेव्हापासूनच होती. ढाब्याचं जेवण, वेळ-अवेळ आणि गोळ्यांचा कंटाळा. २०१८ साली पाय सुजायला लागले, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. वर्षभरात डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. भाईजानने तोवर स्वतःचं स्पेअर पार्टचं दुकान घातलं होतं. शेवटच्या दोन गाड्या २०१९ मध्ये विकल्या. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड होतं, रेफरलची चिठ्ठी मिळाली की उपचार व्हायचे. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनवर. शाळा सुटल्यावर दोन दिवस मी जाऊन बसायचे.

डायलिसिससाठी मनगटापाशी धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. त्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. ती थरथर लागते तोवर फिस्टुला चालू आहे. पहिल्यांदा त्यांनी माझी बोटं तिथे ठेवली आणि विचारलं, "देख, आयडलिंग बराबर है क्या?" पुढे ती रीतच झाली. गेले की आधी सलाम, मग आयडलिंग.

दिवसाला पाणी जेमतेम लिटरभर, त्यातच चहा, डाळ, सगळं मोजायचं. केळं बंद, नारळपाणी बंद, बेदाणा बंद, त्यात पोटॅशियम फार. आयुष्यभर ज्याने हजारो पेट्या बेदाणा वाहिला त्याला खिरीतला एक दाणा बाजूला काढायला लागायचा. पण त्यांना सगळ्यात सलला तो रोजा. डॉक्टरांनी मना केलं, मौलानांनीही सांगितलं की अशा बिमारीत फिदिया देणं आहे, रोज एका गरिबाचं दोन वेळचं खाणं. फिदियाचे पैसे ते शाबान संपायच्या आत मोजून काढून ठेवायचे, आणि तरी सहरीला उठून बसायचे. "खाने के वास्ते नै, संगात बैठने के वास्ते," म्हणायचे.

२०२१ च्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. मशीन चालू होतं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट झोपलेला. मगरिबची अजान लांबून ऐकू आली. बडे अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एक बात तेरेकू बोलतूँ. तेरी अम्मीकू नै मालूम, बडी अम्मीकू बी नै."

डिसेंबर १९७१. ढाक्यात शरणागती झाली १६ तारखेला. त्यानंतर त्र्याण्णव हजारांच्या घरात पाकिस्तानी कैदी भारतात आणायचे होते. बडे अब्बांची गाडीही त्या कामाला लागली. छावणीतून कैदी भरायचे आणि सरहद्दीच्या अलीकडे रेल्वेपर्यंत सोडायचे. एका दिवशी दिवस मावळायला तांडा थांबला. ते पाणी तपासायला खाली उतरले. मागून एका वयस्क कैद्याने विचारलं, "भाई, किबला किधर है?" नवी जागा, दिवसभर बंद गाडीत बसलेली माणसं, दिशा कळत नव्हती. बडे अब्बांनी पहाऱ्याच्या हवालदाराकडे बघितलं. तो शीख होता. त्याने घड्याळ बघितलं, म्हणाला, "दस मिनट." बडे अब्बांनी हात करून दाखवलं, सूर्य बुडालाय त्याच्या जरा उजवीकडे. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे सरकून मावळतो, हे ड्रायव्हरला ठाऊक असतं.

कैदी उतरले. मातीवर हात मारून तयम्मुम केला. सफ लावली. तो वयस्क माणूस पुढे उभा राहिला. बडे अब्बा गाडीच्या दाराशी उभे होते. त्यांनाही मगरिब पढायची होती. ते सफेत उभे राहिले नाहीत. "ड्यूटी पे था," म्हणाले. गाडी उतरवून झाल्यावर रात्री एकटे कजा पढले. परत गाडीत चढताना त्या माणसाने विचारलं, "कहाँ के हो?" यांनी सांगितलं, "मिरज." त्याला ते ठाऊक नव्हतं. "दक्कन," म्हटल्यावर त्याने मान हलवली. बस, एवढंच बोलणं.

मी विचारलं, "इतनी अच्छी बात, किसीकू बोले नै?"

"किसकू बोलूँ?" ते म्हणाले. "एक सुनेगा तो बोलेगा, देखो, किबला बताया, आखिर उन्हींका निकला. दुसरा सुनेगा तो बोलेगा, भाइयों के साथ नमाज कू खडा नै रहा, सरकार का निकला. मैं दोनों का नै था रे उस वक्त. नमाज पढनेवालेकू रस्ता बताया, और गाडी के पास खडा रहा. दोनों मेराच काम था."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "वैसे अभी तक समझ्या नै, खडा रहना था क्या." पन्नास वर्षं हा माणूस हा प्रश्न घेऊन ट्रक चालवत होता आणि आम्हाला वाटत होतं त्यांना लढाईतलं काही आठवत नाही.

नर्स मशीनचा आकडा बघून गेली. मी भीत भीत विचारलं, "कभी लिखूँ क्या ये?"

डोळे मिटूनच म्हणाले, "लिख. मगर पूरा लिख. आधा नक्को लिख."

म्हणून मी इथे पूर्ण लिहिलं आहे. किबल्याचंही आणि सफेत उभं न राहिल्याचंही. वर ज्या चुकीची भीती सांगितली ती हीच. लेखही शेवटी फोटोच असतो, आणि तो शटरला टांगण्यासाठी लिहायचा नाही एवढं मला जपायचं होतं. साधलं की नाही ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

त्याच नोव्हेंबरात आम्ही शेवटचे बँकेत गेलो. स्कूटीवर बसणं आता शक्य नव्हतं, भाईजानने रिक्षा आणली. हयातीचा दाखला आता अंगठ्याच्या मशीनवर होतो. बडे अब्बांनी अंगठा ठेवला, मशीन घेईना. मग तर्जनी, मग डावा हात. स्टिअरिंगने आणि वयाने बोटांवरच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. खिडकीतला मुलगा कानकोंडा झाला. "आजोबा, मशीन नाही म्हणतंय."

बडे अब्बा हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "सुनी क्या? मशीन बोलता, फौजी मर गया." मग त्या मुलाला मराठीत म्हणाले, "बाळा, कागद आण. सही करतो. मी जिवंत आहे एवढाच दाखला मी देतो, वर्षातून एकदा. बाकीचे दाखले मी कुणाला देत नाही." त्याला वाटलं आजोबा गंमत करतायत. तोही हसला. कागद आला, अधिकाऱ्याने पडताळलं, बडे अब्बांनी उर्दूत सही केली.

मार्चमध्ये एका पहाटे छातीत पाणी भरलं. फजरच्या आधी गेले. जुहरनंतर जनाजा उठला. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, मी उंबऱ्यातून बघितलं. माजी सैनिकांपैकी पाच-सहा वृद्ध आले होते, त्यातल्या एकाने तिरंगी फितीचं पुष्पचक्र आणलं होतं. एकाचा गुडघा वाकत नव्हता तरी त्याने खांदा दिला. गल्लीच्या तोंडाशी ते रांगेत उभे राहिले आणि सलाम ठोकला. बडे अब्बांना ते आवडलं असतं. त्या माणसांना काही पटवून द्यायचं नव्हतं, ते आपल्या साथीदाराला निरोप द्यायला आले होते. मुकादम तर आधीच गेले होते, त्यांचा मुलगा आला. सायकलवाल्याची टपरी आता पक्कं दुकान झालं आहे, त्याने शटर बंद ठेवलं. फोटोचा किस्सा त्याला ठाऊक आहे की नाही, मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी गल्लीतली मुलं वर्दीतला फोटो मागायला आली, चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा म्हणून. मुलांच्या मनात प्रेमच होतं. भाईजान उठलाही होता. बडी अम्मी आतून म्हणाल्या, "उनो होते तो लगाने देते क्या?" भाईजान परत बसला.

त्या नोव्हेंबरात मी पुन्हा अर्धी रजा काढली. आता कुटुंब पेन्शन बडी अम्मीच्या नावावर आहे आणि हयातीचा दाखला त्यांनी द्यायचा. त्यांच्यासाठी बँक नवीनच. बुरख्याची बाही वर करून त्यांनी अंगठा ठेवला. पहिल्याच वेळी मशीनने घेतला. त्या जरा वेळ तशाच बसून राहिल्या. मग हळूच मला विचारलं, "और इनका? इनका अब नै देना पडता?"

मी नाही म्हटलं. त्यांनी बाही खाली ओढली आणि आम्ही रिक्षा बघायला बाहेर आलो.